सळई पडली नाही

आठवडाभर प्राध्यापक बाई काळजीत होत्या. सरकारचं नवं उच्च शिक्षण धोरण आलं होतं: ज्या लहान विभागांचा उपयोग दिसत नाही, ते मोठ्या विभागांत विलीन करायचे. त्यांचा नियंत्रण अभियांत्रिकी विभाग म्हणजे त्या, विभागप्रमुख आणि अर्ध्या वेळेचा एक सहायक. अडीच माणसांचा संसार, तो कुणाच्या नजरेत भरणार? पाहणी समिती येणार कळल्यापासून प्रमुखांचं तर जेवणावरूनही मन उडालं होतं.

दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. रुळावर एक छोटी गाडी आणि तिच्यावर टोकावर उभी सळई. सळई कलली की मोटर गाडीला त्याच बाजूला पळवते आणि तिला सावरते. तळहातावर झाडू उभा धरणारं पोर हात हलवत राहतं ना, तसंच.

"नुसती थरथरली तरी म्हणतील, यंत्र बिघडलंय," प्रमुख म्हणाले. "आणि पडली तर आपलं दुकान बंदच समजा."

बाई हट्टाला पेटल्या; मोटरनं गाडी कधी, किती पळवायची याचे आकडे जुळवत बसल्या. घरी लेक वैतागली, "आई, तू झोपेतसुद्धा आकडे पुटपुटतेस गं!" पण थरथर गेली. नावालाही उरली नाही.

समिती आली. अध्यक्षबाईंनी चष्मा सावरून पाहिलं. सळई ढिम्म.

"छान उभी केलीय. पण यात तुमचा विभाग नेमकं काय करतो?"

सळईला एक टिचकी मारून दाखवायची, बस्स. बाईंचा हात उठला. आणि पडली तर? त्यांनी हात खाली घेतला.

"आम्ही... तिला पडू देत नाही, मॅडम."

"ती कुठं पडतेय?" अध्यक्षबाई हसल्या. "पुढचा विभाग बघू या."

समिती बाहेर पडली तसे प्रमुख खुर्चीत कोसळले. "सुटलो बुवा! पडली नाही!"

बाईंनी टिचकी मारली. सळई कलली, गाडी सर्रकन धावली, सळई सावरली. त्यांनी पुन्हा मारली, चांगली जोरात. पुन्हा सावरली. प्रमुखांचं हसू मावळलं.

"अहो, मग हे त्यांना का नाही दाखवलंत?"

"घाबरले हो मी," बाई म्हणाल्या आणि दाराकडे धावल्या.

बाहेर समितीला घेऊन लिफ्ट खाली निघाली होती.