अंगठ्याची दोरी

माघातली पहाट. सड्यावर धुकं उतरलेलं, दुधासारखं दाट आणि दुधासारखंच निःशब्द. काजूच्या झाडांना मोहोर आलेला, गुलाबी रेघांचा, आंबूस-गोड गंधाचा. जांभ्या दगडाचे गडगे दवानं भिजून काळसर झालेले. तुळशीपुढच्या दिव्याला त्या धुक्यात स्वतःपुरताच उजेड होता; त्याचं तेजोमंडल वीतभरच होतं, पण होतं.

त्या धुक्याच्या पोटातून एक आवाज येत होता. कुर्र… कुई. कुर्र… कुई. पाळण्याचा.

वैजयंती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली होती. पाऊल पुढे, पाळणा पलीकडे. पाऊल मागे, पाळणा अलीकडे. हात प्रपंचाचे, पाऊल लेकराचं. बाईला देवानं दोनच हात दिले, म्हणून तिनं पावलालाही आई केलं.

पाळण्यात दुर्वा होती. वर्षाची झालेली, अजून पाऊल न फुटलेली. गणपतीला वाहिलेल्या जुडीसारखी हिरवी, कोवळी, ओली.

दुर्वा पोटात असताना वादळ आलं होतं. तुटलेली तार जोडायला तिचा बाप विजेच्या खांबावर चढला. साऱ्या गावात उजेड आला. तो मात्र पायांनी उतरला नाही. तेव्हापासून दिवेलागणीला बटण दाबताना वैजयंतीचं बोट क्षणभर थबकतं. आणि दिवा लागला, की ती आधी देवाला नाही, त्या दिव्याला हात जोडते.

तांदळाच्या डब्याचा तळ दिसू लागला, तेव्हा टेकडीखालच्या काजूच्या कारखान्यातून निरोप आला. लग्नाआधी तिथंच ती बिया फोडायची. मुकादमीण रेवतीबाई मायेची होती, पण तिची जीभ विळीची होती. “मशीन काय देवाचो पाट न्हय, तुजी वाट बघत रवाक. सोमवारी इलंस तर तुजा, नायतर दुसरीचा.”

जायचं खरं. पण दुर्वाला ठेवायचं कुठं?

कारखान्याच्या फाटकाआत तान्ह्यांना मज्जाव. तिथं उकडलेल्या बियांची वाफ, तिथं टरफलाचं ते काळं, जहाल तेल. मोठ्यांच्या हातांची सालं काढणारं, मग लोण्यासारख्या कातडीचं काय होणार! अंगणवाडीतली मदतनीस हळहळली, “गो बाय, चालूक-बोलूक लागली की हाड, घेवन ये. इतक्या ल्हान पोराक मी खंय ठेवू?” जाऊ तर हसलीच. “माज्या कमरेर एक, पदराक एक. तिसऱ्याक खंय टांगू, आढ्याक?”

साऱ्या वाडीत एकच दार उरलं. ज्या दाराकडे कुणी पोर घेऊन जात नसे, ते.

मथुराकाकीचं घर वाडीच्या टोकाला होतं. फणसाच्या सावलीत बुडालेलं, शेवाळलेल्या कौलांचं, एकुटवाणं. फार वर्षांमागे तिची माणिक नावाची लेक तापानं गेली, दात यायच्या आधी. पुढं नवराही गेला. पाळणा मात्र आढ्याला तसाच राहिला. आणि लोक सांगत, तो हलतो. दुपारच्या शांततेत, पानसुद्धा हलत नसताना, त्या घरातून आवाज येतो. कुर्र… कुई. शाळेत जाणारी पोरं तेवढी वाट पळत ओलांडायची. बारशाला, ओटीभरणाला मथुराकाकीला आवतण नसायचं. दुर्वाच्या बारशालाही ती गडग्यापलीकडे उभी होती. वैजयंतीनं पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

आता तीच वैजयंती रविवारी संध्याकाळी त्या उंबऱ्यापाशी उभी राहिली. मथुराकाकीनं विचारलंच नाही काही. आपले रिकामे, सुरकुतलेले तळवे पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि म्हणाली, “हाड तिका.”

सोमवारी धुकं उठायच्या आत वैजयंतीनं देवापुढे साखर ठेवली, कुळदेवतेला हात जोडले, पाळण्याशी बसून दुर्वाला पुन्हा जोजवलं, आणि ती निजताच तिला उचलून खांद्यावर घेतलं. निघायच्या घाईत पहिलं पाऊल टाकलं, आणि मागे आवाज झाला.

कुर्र… कुई.

अंगठ्याची दोरी सोडायची राहिली होती. रिकामा पाळणा हलला होता.

अरे देवा! रिकामा पाळणा हलवू नये. हे आजीनं आईला सांगितलेलं, आईनं लेकीला. रिकामा पाळणा हलला की त्याला भूक लागते, म्हणतात; ज्याची जागा रिकामी, त्याच्यावर त्याची नजर जाते. वैजयंतीनं धावत जाऊन पाळणा धरला, दोरी सोडली, देव्हाऱ्यातला अंगारा दुर्वाच्या कपाळाला लावला, मानेला लावला, तळपायाला लावला. पाळणा थांबला. तिच्या काळजातला थांबला नाही.

कारखान्यात सगळं जुनंच होतं. बाष्पाचा उसासा, पत्र्याच्या छपराखालचा धूसर काळोख, बायकांच्या ओळी. हाताला खोबरेल चोपडायचं, बी पात्यांमध्ये धरायची, आणि पायाखालची पट्टी दाबायची. कट्. टरफल दुभंगतं, आत चंद्रकोरीसारखा गर. पाऊल खाली. कट्. पाऊल वर.

पाऊल पुढे, पाऊल मागे.

आणि वैजयंतीच्या ध्यानात आलं. तेच पाऊल होतं. तोच अंगठा होता. पट्टी दाबली की तिला वाटे, कुठंतरी दूर, धुक्यापलीकडे, एक दोरी ताणली जाते आणि एक रिकामा पाळणा हलतो. पुन्हा दाबली, पुन्हा हलला. गर पडत होते पांढरे, कोवळे, वाकलेले. आईच्या पोटात निजलेल्या जिवांसारखे. ती त्यांच्याकडे पाहीना.

शेजारच्या मशीनवरच्या सुनंदानं विचारलं, “चेडवाक कोणाकडे ठेवलंस गो?”

“मथुराकाकीकडे.”

सुनंदाचं पाऊल अधांतरी राहिलं. “मथुरेकडे? गो, तिच्या घरात पाळणो हलता. तेच्यात कोण निजता, इचारलंस?”

मागून कुणीतरी म्हणालं, “हिका काय इचारतंस? हिका दुसरा कोण आसा?” आणि ओळीतल्या बायकांच्या माना खाली गेल्या. ते बोलणं टोमणा होता की कणव, हे त्या बोलणारीलाही ठाऊक नव्हतं.

कट्. कट्. कट्.

विचारलं नव्हतं. काहीच विचारलं नव्हतं. तिला कुठं निजवशील, कशात निजवशील, काही सांगितलंही नव्हतं. दुर्वाला पाळण्याशिवाय झोप येत नाही. आणि त्या घरात पाळणा एकच आहे.

जेवणाचा भोंगा झाला. बायकांनी डबे उघडले. वैजयंती फाटकाबाहेर पळाली.

माध्यान्ह. सड्यावरचं धुकं केव्हाच सूर्यानं पिऊन टाकलेलं. पांढरं, पोकळ ऊन; त्यात काजूची झाडं आपापल्या सावल्या पायाशी आवळून उभी. पाणंदीतून ती धावत होती. काट्यात पदर अडकला, सुटला. वाऱ्याचा लेश नव्हता. फणसाचं पान हलत नव्हतं.

कुर्र… कुई.

मथुराकाकीच्या घरातून आवाज येत होता. सावकाश, संथ, शतकानुशतकं कुणी झोपवतच असावं असा.

दार लोटलेलं होतं. आत माजघरात काळोख, आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांना तो काळोखही आंधळा. हळूहळू आढं दिसलं, आढ्याच्या साखळ्या दिसल्या, साखळ्यांखाली हलणारा पाळणा दिसला. पाळण्यात कुंची होती, जुनी, विटक्या लाल रंगाची, मोत्यांची झालर लावलेली. कुंचीत कुणीतरी होतं.

“दुर्वा…”

हालचाल नाही. हुंकार नाही.

तिनं हात पुढं केले, आणि मध्येच थांबली. हात काळे होते. टरफलाचं तेल नखांत, रेषांत, बोटांच्या पेरांत. या हातांनी लेकराला शिवायचं नाही. मग तिनं हात पाठीमागे धरले, देवळातल्या मूर्तीपुढं वाकावं तशी वाकली, आणि आपला गाल कुंचीच्या आत, त्या गालाला लावला.

दगड.

गोल, गुळगुळीत, जड दगड. वरवंटा.

आणि, आई गं! तो वरवंटा गार नव्हता. ऊब होती त्याला. रात्रभर कुणी उराशी धरून निजावं, तेव्हा येते ती ऊब.

तिच्या घशातून आवाज निघायच्या आत कोपऱ्यातून कुजबुज आली.

“हळू. आत्ताच निजली.”

भिंतीला टेकून मथुराकाकी बसली होती. पाय लांब पसरलेले. एका पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, आणि दुसऱ्या मांडीवर, पदराच्या पांघरुणात, दुर्वा. श्वास घेणारी. ओठांवर दुधाचा थेंब वाळलेली. कपाळावर अंगाऱ्याचं बोट जसंच्या तसं.

वैजयंती तिच्या शेजारी भुईवर बसली.

“सकाळपासून अशीच बसलंय,” मथुराकाकी म्हणाली. “पाय कधीचो मेलो माजो. पण मांडी हलवूक नाय. तिका पाळण्याची सवय, आवाज थांबलो की रडता. म्हणान ह्यो पाळणो हलवतंय.”

“मग तिला पाळण्यात का नाही…”

मथुराकाकीनं दुर्वावरचा पदर सारखा केला. पाळणाच बोलत राहिला.

“तो मेल्या पोराचो पाळणो, बाय. तू सांगल्याशिवाय तुज्या जित्या पोराक तेच्यात कसा घालू?” मग अगदी हळू, देवापुढं पुटपुटावं तशी म्हणाली, “पण तो रिकामो मात्र मी कधी ठेवूक नाय. एक दिवस नाय.”

आता वैजयंतीला कळलं. बारशाच्या दिवशी लेकराच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, कुंची घालून, हळदकुंकू लावून. पाळण्याला रिकामेपण ठाऊक होऊ नये म्हणून. लेकराला दगडाचं आयुष्य यावं म्हणून. माणिकच्या आधी हाच दगड त्या पाळण्यात निजला होता. माणिक गेली, तेव्हा काकीनं तो पुन्हा निजवला. दगडाचं आयुष्य दगडालाच लाभलं. आणि साऱ्या गावानं जिला अपशकुनी म्हटलं, ती बाई रिकामा पाळणा हलू नये हे व्रत इतकी वर्षं एकटीनं, उपाशीतापाशी, पाळत आली होती.

आणि आपण? आज पहाटे आपलाच रिकामा पाळणा हलला.

टेकडीखालून सुट्टी संपत आल्याचा पहिला भोंगा आला. अजून एक व्हायचा होता. त्या दुसऱ्या भोंग्याला मशीनवर पाऊल नसलं, तर ते मशीन उद्यापासून दुसरीचं. वैजयंतीनं मांडीवरच्या दुर्वाकडे पाहिलं. काकीच्या त्या निर्जीव, निळसर पडलेल्या पायाकडे पाहिलं. आज बसेल अशी. उद्या? परवा? एका बाईच्या मांडीवर किती दिवस झोपेल एक संसार?

ती उठली. चुलीतली राख घेतली, हात घासले. पुन्हा राख, पुन्हा पाणी, पुन्हा खोबरेल, पुन्हा पाणी. रेषांतला काळेपणा गेला नाही, जहरी ओशटपणा गेला. मग पाळण्यापाशी येऊन तिनं कुंचीसकट तो वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी. त्याचं डोकं सावरून.

“काकी, माणिकला घ्या.”

मथुराकाकीनं मान वर केली. ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं किती वर्षांनी ऐकलं होतं! तिनं दगड एका कुशीत घेतला, दुर्वाला दुसऱ्या हातानं वर दिलं, दगड पदरानं उराशी बांधला, अंगठ्याची दोरी सोडली, आणि भिंत धरून, मेल्या पायावर, उभी राहिली.

पाळण्याच्या एका बाजूला एक आई. दुसऱ्या बाजूला दुसरी.

वैजयंतीनं झोपलेलं लेकरू पाळण्याच्या खालून पुढं केलं. बारशाला करतात तसं. गडग्यापलीकडून कधीकाळी पाहिलेला तो सोहळा मथुराकाकीच्या हातांना मात्र ठाऊक होता. तिनं लेकरू खालून घेतलं, वरून दिलं. खालून घेतलं, वरून दिलं. ना सुवासिनी, ना घुगऱ्या, ना गाणं. दोन विधवा आणि दारातून आत आलेली उन्हाची एक तिरीप.

मग दुर्वा पाळण्यात निजली. मथुराकाकी वाकली, तिच्या कानाशी ओठ नेले आणि हलकेच कुर्र केलं. आणि एक नाव उच्चारलं.

कोणतं, ते वैजयंतीला ऐकू आलं नाही.

तिनं विचारलं नाही. उंबऱ्यावर पाऊल टाकताना विचारावंसं वाटलं. दुर्वा झोपेत हसली होती, नाव ऐकून. पण दुसरा भोंगा व्हायला आला होता, आणि तिनं पाऊल उचललं.

दुसऱ्या भोंग्याला ती मशीनवर होती. रेवतीबाईनं पाहिलं, हुं केलं, पुढं गेली. सुनंदानं मान वळवून नजरेनंच विचारलं. वैजयंती म्हणाली, “निजली.” एवढंच.

हाताला खोबरेल. पात्यात बी. पायाखाली पट्टी.

पाऊल पुढे. तिकडे दूर, फणसाच्या सावलीत, दुसऱ्या एका पावलाचा अंगठा पुढे. पाऊल मागे. अंगठा मागे. आता पाळणा हलका वाजत नव्हता. भरल्या पाळण्याचा आवाज जड असतो, खोल असतो, तो इथं ऐकू येत नाही आणि तरी येतो. कुर्र… कुई.

त्या घरात दोघी लेकी निजल्या होत्या. एक पाळण्यात, एक कुशीत. एकीला श्वास, एकीला ऊब. दोघींवर सावलीचं एकच पांघरूण, आणि दोघींना जोजवणारं नाव एकच, की दोन.

कुर्र… कुई.

कट्… कट्.

कुर्र…