माझ्याशिवाय मिटलं

माझं भांडण माझ्याशिवायच मिटलं. मी तेव्हा घरी तांदूळ निवडत होते.

देवळापुढं दोन गावची माणसं जमली, पानसुपारी झाली, चहा झाला, नारळ झाला, आणि बाबा घरी येऊन टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "मिटलं गो बाय. आता कोनी काय बोलायचं नाय." ज्या पोरीवरून एवढी माणसं जमली ती पोरगी सूप घेऊन घरात. आमच्याकडं गावकीत बाईमाणूस बसत नाही. का, तर बसत नाही. विचारलंत तर एवढंच उत्तर मिळेल.

आधी काय झालं ते सांगते. सांगायची मला लाज नाही. ज्याला वाटायला हवी होती त्याला तरी कुठं वाटली?

साल दोन हजार चार. आमचं गाव धसईच्या पलीकडं, आणि मी मुरबाडच्या एका कॉलेजात एस. वाय. बी. ए. ला. हरेश सर तिथले खेळाचे मास्तर. शेजारच्या गावचे, आमच्याच जातीतले, लांबच्या सोयरिकीतले. त्या वर्षी मी कबड्डीच्या टीममध्ये नवीन होते. प्रॅक्टिसला पडले, गुडघा सुजला, आणि मी शहाणी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, गुडघा दुखतोय."

सरांनी सामानाच्या खोलीत बोलावलं. तेल चोळतो म्हणाले. जरा वेळ गुडघ्याला चोळलं, मग हात गुडघ्यावर राहिला नाही. मी म्हटलं, "सर, तिथं दुखत नाही." ते हसले. दुसऱ्या हातानं माझा खांदा दाबून धरला आणि म्हणाले, "टीममध्ये राहायचंय ना?" मी दुखऱ्या पायानंच लाथ घातली आणि बाहेर पडले.

बाहेर मालू उभी होती, आमची कॅप्टन. माझं तोंड बघूनच तिला कळलं. "दुखतं म्हणून सरांना सांगायचं नसतं गो," ती हळूच म्हणाली. तेव्हा मला समजलं की आख्ख्या टीममध्ये कुणीच कधी सांगत नव्हतं. घोटा मुरगळो, बोट सुजो, घरून हळद लावून यायचं आणि हसत खेळायचं. मालू तर लंगडायला लागली तरी नवीन चप्पल लागली म्हणायची. मला इतका राग आला की पहिल्यांदा मी तिच्यावरच ओरडले. मग दोघी पाण्याच्या टाकीमागं बसून रडलो.

कॉलेजात महिला तक्रार समिती होती. होती म्हणजे जिन्याखाली पाटी होती. वरून आदेश आला म्हणून रंगवलेली. समितीच्या अध्यक्ष अनिता मॅडम, मराठी शिकवायच्या, कल्याणहून यायच्या. मी तक्रार लिहून दिली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "यापूर्वी कुणी आलंच नाही गं," म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू. पण दार लावून घेतलं, मला पाणी दिलं, सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला एक वाक्य सांगितलं: "स्नेहल, ही तक्रार मागे घ्यायचा हक्क फक्त तुझा आहे. दुसऱ्या कुणाचाही नाही." त्या दिवशी ते मला बोलण्यापुरतं वाटलं.

कॉलेजात पान हललं तर धसईला वारा लागतो. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाबांनी मला काहीच विचारलं नाही. रविवारी गावकी बसली. हरेश सरांनी सगळ्यांदेखत बाबांचे पाय धरले, त्यांच्या वडिलांनी बाबांच्या हातात नारळ दिला, गावकीचे म्होरके चांगोआजा म्हणाले, "पोरगा चुकला, पाया पडला, इषय संपला."

"कोणाचा विषय संपला?" मी बाबांना विचारलं. "हात लागला माझ्या अंगाला, आणि माफी लागली तुमच्या पायाला. मधल्या मधे मी कुठं गेले?"

"तोंड चालवू नको. गावात राहायचंय आपल्याला. उद्या भाताच्या लावनीला कोन येल?"

"मी लावीन. एकटी लावीन."

बाबांनी जेवण तसंच ठेवलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. बाबा वाईट नाहीत हो. पण त्या रात्री मला ते कुणीतरी परके वाटले.

दोन दिवसांनी प्रिन्सिपलनी बोलावलं. आवाजात साखर. "बाळ, तुमच्या समाजानं किती चांगला मार्ग काढला. आता कॉलेजनं कशाला मोठं करायचं? तक्रार मागे घेतेस असं एक लिहून दे." मी नाही म्हटलं तशी साखर विरघळली. शुक्रवारी वडिलांना घेऊन ये, म्हणाले. आणि घरी बाबांनी सांगून टाकलं, सही कर, नायतर कॉलेज बंद. रखमीमावशीनं आणलेलं डोळखांबचं स्थळ तयारच होतं.

म्हणजे सही केली तर कॉलेज राहणार आणि त्या मैदानावर तोच माणूस शिट्टी वाजवणार. नाही केली तर मी डोळखांबला कुणाच्या तरी घरात. मला कॉलेज सोडायचं नव्हतं. आमच्या घरात पुस्तकं फक्त माझी होती. रडून रडून डोकं फुटायची वेळ आली, पण सही करते असं काही तोंडातून निघेना.

तेवढ्यात आमच्या आईनं घोळ घातला. आई, गिरजाबाई कुंडलिक, बाबांसमोर कधी मान वर न करणारी बाई, गुरुवारी धसईच्या बाजारात भाजी विकायला गेली. जाताना टोपलीत भेंडीखाली तो नारळ घातला. हरेश सरांची आई बाजाराला आलेली. भर बाजारात आईनं तिच्या पिशवीत नारळ टाकला आणि म्हणाली, "घ्या वैनी तुमचा. आमच्या घरात याला गिऱ्हाइक नाय."

परत दिलेला नारळ म्हणजे मोडलेला शब्द. हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चांगोआजा दारात येऊन बाबांना वाटेल तसं बोलून गेले. मला वाटलं आता आईची काही धडगत नाही. बाबांनी तिला एवढंच विचारलं, "का केलंस?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी तिला इचारलं नाय. मी इचारलं. मला जे सांगितलं ना तिनं, ते आयकून नारळाचं खोबरं गिळलं नसतं माज्याच्यानं."



शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. मैदानावर मालू आणि सगळ्या पोरी मांडी घालून ओळीत बसल्या होत्या. प्रॅक्टिसला उठत नव्हत्या. शिपाई ओरडत होता आणि त्या त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. मला एकदम बळ आलं.

आत प्रिन्सिपल, अनिता मॅडम, समितीच्या आणखी दोघी आणि कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून हरेश सर. प्रिन्सिपलनी बाबांना खुर्ची दिली. "काय कुंडलिकराव, तुमच्याकडं मिटलं ना सगळं? तेवढं तोंडानं सांगा, म्हणजे झालं."

बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माजं मिटलं साहेब," ते म्हणाले. "माजे पाय धरले, माजं मिटलं. तिचं तिला इचारा."

मी बाबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. कान मात्र लाल झाले होते.

मग मॅडमनी मला विचारलं आणि मी सांगितलं. तेल, खोली, हात, खांदा, सगळं. बापासमोर सांगणं काय असतं ते माझ्या वैऱ्यालाही नको. अर्ध्यात आले आणि वाटलं आता बाबा उठून बाहेर जाणार, आणि ते गेले तर मी पुढचं बोलू शकणार नाही. ते उठले नाहीत. मी शेवटपर्यंत बोलले.

"अहो, पण झालंय ना गावकीत," हरेश सर म्हणाले.

"गावकीत मी नव्हते. आता आहे."

प्रिन्सिपलनी घड्याळाकडं बघितलं. "हरेश, माग रे बाबा तिचीपण माफी, आणि संपव. तू सही कर गं मग."

हरेश सर उठले, पुढं आले आणि चटकन वाकले. सवयच ना, पाय धरले की झालं. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"पाया पडू नका," मी म्हटलं. "बोला. मी बोलले तसं तुम्ही बोला. काय केलंत ते. मॅडम लिहून घेतील."

ते वाकलेले तसेच राहिले. मग सरळ झाले. तोंड उघडलं, मिटलं, प्रिन्सिपलकडं बघितलं. माझ्या बापाचे पाय धरताना या माणसाची जीभ किती मोकळी होती म्हणे. मॅडमनी सहीचा कागद बाजूला सारला आणि कोरा कागद पुढं ओढला. पेन उघडलं.

"हे काय चाललंय?" प्रिन्सिपल म्हणाले. "असं किती वेळ बसायचं?"

बाबांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर नीट घातली.

"आमची एस.टी. संध्याकाळची हाय," ते म्हणाले. "बसतो आमी."