हसू न आलेली सकाळ

‘काउंटरवर उदास दिसायचं नाही. का, ते विचारायचं नाही.’ विश्रांतवाडीतल्या आमच्या हॉटेलात नव्या मुलीला गणवेशाच्या आधी हा नियम मिळतो. मला तो ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या पाठ झाला.

मी नावाची पट्टी बोलतेय. पितळेची, बोटभर लांब. जन्म कसबा पेठेतला. कारागिराने माझ्यावर ‘ऋतिका’ कोरलं आणि हॉटेलच्या माणसाला बजावलं, "पिन टोचली म्हणून परत यायचं नाही. पिन टोचतेच."

ऋतिका वर्षभरात नोकरी सोडून गेली. मग जिची पट्टी घरी राहील तिने मला लावायचं. एकदा खोल्यांची साफसफाई बघणाऱ्या वेणूबाईंनी लावलं. पाहुणा म्हणाला, "थँक्यू, ऋतिका." वेणूबाई दिवसभर सांगत सुटल्या, "पन्नाशी उलटल्यावर बारसं झालं माझं!"

मग अस्मिता आली. कर्वेनगरची, पदवीधर, तिखट. तिची स्वतःची पट्टी सहा महिने नुसती ‘येतेय’, म्हणून मी तिच्या कोटावर. चेहरा जगाला दिसतो, ठोके मला ऐकू येतात. काउंटरवर जाण्याआधी ती माझ्यावर तळवा ठेवून तीन सावकाश श्वास घ्यायची. आईने शिकवलेलं. तिचं बघून वेणूबाईही घेऊ लागल्या, पण दुसऱ्या श्वासालाच त्यांना चहा आठवायचा.

मागच्या मंगळवारी मात्र तीन श्वासांनीही काही हललं नाही. अस्मिताने पाहुण्यांना चावी दिली, रस्ता सांगितला, गाडी बोलावली. हसली नाही. दुपारी तक्रार आली: ‘ऋतिका हसली नाही.’ खरी ऋतिका बिचारी कुठेतरी मजेत हसत असेल!

मॅनेजर मंदाकिनीबाई आणि तीस वर्षं हॉटेलात मुरलेले रंगराव, दोघांनी अस्मिताला केबिनमध्ये बोलावलं.

"घरी काही झालंय?"

"नाही, मॅडम."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"मग तोंड का पाडलं होतंस?"

"उदास वाटत होतं."

"कशामुळे?"

"माहीत नाही. वाटतं एखाद्या दिवशी."

रंगराव पुढे झुकले. "अगं, आई आजारी आहे म्हण. माफी माग, विषय संपला. नाहीतर उद्यापासून काउंटर विसर."

तिचे ठोके धावत सुटले. तळवा माझ्यावर आला. एक. दोन. तीन. मग तिने पिन काढली आणि मला टेबलावर ठेवलं.

"आई आज सकाळीच टेकडी चढून आलीय, सर. तिला मी आजारी पाडणार नाही. चावी उशिरा दिली असती तर माफी मागितली असती. उदास होते म्हणून नाही मागणार. तीस वर्षांत तुम्हाला एकदाही उदास वाटलं नाही?"

रंगराव खुर्चीत मागे रेलले. मंदाकिनीबाईंचा हात नकळत स्वतःच्या पट्टीवर गेला. त्यांनी एक श्वास घेतला. मग दुसरा.

तिसरा घेऊन त्यांनी मला उचललं आणि अस्मिताच्या तळव्यावर ठेवलं.