विद्युलतेचा अंगठा

विद्युलता सातारची. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, "मद्रास लांब असलं तरी घर मराठ्यांचंच आहे. तंजावरकडची माणसं, घरात मराठीच बोलतात. तुला परकं वाटायचं नाही."

घरात मराठीच बोलत होते, ते खरं. पण ती मराठी ऐकताना विद्युलतेला जुनी बखर कुणीतरी तमिळ हेल काढून वाचत असल्यासारखं वाटायचं. मध्येच एखादा शब्द असा यायचा की सगळं वाक्यच हातातून निसटे. सासऱ्यांना मामा म्हणायचं, सासूला मामी. माहेरी मामा म्हणजे आईचा भाऊ. इथे मामा म्हणजे प्रतापसिंह, तिच्या नवऱ्याचे वडील, जे सकाळपासून पुरसवाक्कमच्या त्या घराच्या ओसरीवर आरामखुर्चीत बसून असायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. नवरा जनकोजी पेरंबूरला रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात होता. तो भला माणूस होता, पण आधी तमिळमध्ये विचार करून मग मराठीत आणायचा, आणि आणता आणता अर्धं वाटेतच राहून जायचं.

लग्नानंतर काही महिन्यांनी तिच्या उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला. दुखणं तसं जुनंच होतं. नखाची कड बाजूच्या मांसात रुतायची, तिथे लाल व्हायचं. माहेरी ती वडिलांच्या दाढीचं ब्लेड घेऊन नखाचा कोपरा खोलवर कापून काढायची. कापला की दोन-चार दिवस बरं वाटे. नख कसं चंद्रकोरीसारखं गोल दिसलं पाहिजे, असं तिची आई म्हणायची आणि तीही तसंच कापायची. इथे आल्यावर तिने तेच केलं, पण या वेळी बरं वाटलंच नाही. अंगठा सुजला, कडेला पू धरला, आणि रात्री पायावर चादर पडली तरी ठणका मस्तकात जायला लागला.

सासूने, सईबाईंनी, तिला लंगडताना पाहिलं.

"काय झालें, काल दुखतें का?" त्यांनी विचारलं.

"काल नाही, आजच जास्त दुखतंय," विद्युलता म्हणाली.

सईबाईंनी जरा थांबून तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसून तिचा पायच हातात घेतला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की काल म्हणजे पाय. तमिळमध्ये पायाला काल म्हणतात. अंगठा पाहून सईबाई म्हणाल्या, "पुण् झालें आहे." विद्युलतेला ते 'पुण्य' ऐकू आलं. सुजलेल्या अंगठ्यात कसलं पुण्य, हे तिला कळेना आणि विचारायची लाज वाटली. पुण् म्हणजे जखम, हे जनकोजीने संध्याकाळी सांगितलं.

तिच्या माहेरी याला नखुरडं म्हणत. सईबाई म्हणाल्या, ही नगच्चुत्ति. त्यांनी एक लिंबू आणून त्याला भोक पाडलं, आत हळद भरली आणि विद्युलतेचा अंगठा त्यात खुपसून वर फडकं बांधलं. ती दिवसभर पायाला लिंबू लावून घरभर फिरली. शेजारची एक बाई डोकावली आणि म्हणाली, लिंबाने काही होत नाही, नखाच्या मधोमध खाच पाडायची, म्हणजे कडा आपोआप मध्याकडे ओढल्या जातात. विद्युलतेने तीही खाच पाडली. जनकोजीने कारखान्याच्या दवाखान्यातून जांभळं औषध आणलं. तेही लावून झालं. अंगठा आता पिवळा, जांभळा आणि लाल दिसत होता. यातलं काय चुकीचं आणि काय बरोबर, तिला काही समजेना. प्रत्येक जण इतक्या खात्रीने सांगायचा की तिला नाही म्हणवत नसे.

त्यातच एक दिवस तिने मामांचा पाय पाहिला.

प्रतापसिंह घरातसुद्धा कॅनव्हासचे बूट घालून बसत. त्या दिवशी ते मागच्या नळाशी पाय धूत होते. विद्युलता कपडे वाळत घालायला गेली आणि तिची नजर खाली गेली. डाव्या पायाला अंगठा नव्हता. जिथे अंगठा असायला हवा तिथे गुळगुळीत, चकाकणारी कातडी होती. प्रतापसिंहांनी तिला पाहिलं आणि सावकाश पंच्याने पाय झाकला.

तिने स्वयंपाकघरात येऊन सईबाईंना विचारलं, "मामी, मामांच्या पायाला काय झालं?"

सईबाई चिंच कोळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तेंही असेंच सुरू झालें होतें. नखापासोन." एवढं बोलून त्या चिंचेचा चोथा फेकायला उठून गेल्या.

विद्युलतेने वाकून आपला अंगठा पाहिला. या घरात काही आहे का? पाण्यात, हवेत? सासऱ्यांचा अंगठा गेला, आता सुनेचा जाणार? पण त्या दोघांचं रक्ताचं नातं नव्हतं. मग हे कुठून आलं?

शनिवारी जनकोजी तिला डॉक्टरणीकडे घेऊन गेला. वसंता नावाच्या त्या डॉक्टरीणबाई साधारण सईबाईंच्या वयाच्या, चष्मा लावलेल्या, घाईत असलेल्या. त्यांनी अंगठा दाबून पाहिला, विद्युलता कळवळली, आणि मग त्या जनकोजीशी तमिळमध्ये भराभर बोलल्या. मध्ये एक-दोन इंग्रजी शब्द येऊन गेले. विद्युलता दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

"काय म्हणतात?" तिने विचारलं.

जनकोजीने मनाशी जुळवाजुळव केली. "अर्धें कापोन काढतात म्हणे. सुई टोचतात, मग कळत नाहीं. भिऊं नको."

"अर्धं?"

"होय. अर्धें. या बाजूचें."

विद्युलता उठली, चप्पल हातात घेतली आणि लंगडत दवाखान्याबाहेर जाऊन बाकावर बसली. जनकोजी मागोमाग आला. सुईला घाबरली असावी असं त्याला वाटलं.

रिक्षात तो तिची समजूत काढत राहिला. "लहान काम आहे. इतकें कशाला मनास लावून घेतेस? थोड्या महिन्यांत पुन्हा उगवतें."

"काय उगवतं?"

"तेंच. कापलेलें. पहिल्यासारखें होतें."

विद्युलतेने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. कापलेला अंगठा पुन्हा उगवतो, असं हा शिकलासवरलेला, कारखान्यात यंत्रांवर काम करणारा माणूस शांतपणे सांगत होता. आपण वेड्या घरात पडलो की काय? की मद्रासला खरंच असा काही उपाय आहे, जो साताऱ्याला अजून पोचला नाही? पण तसं असतं तर मामांचा का नाही उगवला? तिने पदर तोंडाला लावला, माहेरी निघून जायचं मनाशी ठरवलं आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर कॉफी द्यायला गेली. प्रतापसिंह नेहमीच्या खुर्चीत होते. पेला त्यांच्या हातात देऊन ती परत वळली नाही. असं सासऱ्यांना विचारावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि ते ठरायच्या आतच तिच्या तोंडून गेलं, "मामा, तुमचा पुन्हा उगवला नाही का?"

"काय?"

"अंगठा."

प्रतापसिंहांनी कॉफी खाली ठेवली. तिला वाटलं, आता हे रागावतील. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अंगठा उगवतो, हें तुज कोणी सांगितलें?"

तिने सगळं सांगितलं. अर्धं कापणं, सुई, पुन्हा उगवणं, आणि मामी म्हणाल्या ते नखापासून सुरू झाल्याचं.

प्रतापसिंहांनी मुलाला हाक मारली नाही. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बैस." ती बसली.

"माझी गोष्ट निराळी. मज साखरेचा रोग आहे. रक्तात साखर वाढली की पायास कळेनासें होतें. नख रुतलें, पिकलें, बुटाच्या आंत काळें पडलें, मज दुखलेंच नाहीं. कचेरीच्या सर्व्हेच्या कामास उन्हातान्हांत चालत होतों. वास येऊं लागला तेव्हां बूट काढोन पाहिला. तोवर वेळ गेली होती." त्यांनी कॉफीचा पेला बाजूला सारला. "हें मी घरांत कोणापाशीं बोलत नाहीं. तुझ्या मामीसही सारें ठाऊक नाहीं. तुज दुखतें ना?"

"खूप दुखतं."

"चांगलें आहे."

हे ऐकून विद्युलता आणखीच गोंधळली. दुखतं ते चांगलं कसं? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला एवढं कळलं की हा माणूस तिला धीर द्यायला खोटं बोलत नाही.

त्या संध्याकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात प्रतापसिंह आले. जनकोजी मागे उभा राहिला. कितीतरी दिवसांनी ते घराच्या फाटकाबाहेर पडले होते. खुर्चीत बसताच त्यांनी डॉक्टरीणबाईंना तमिळमध्ये एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून ते सुनेकडे वळले. "अर्धें म्हणजे कशाचें अर्धें, असें विचारिलें. नखाचें, म्हणतात. अर्धेंही नाहीं, कडेची पट्टी. अंगठ्यास कोणी हात लावीत नाहीं."

जनकोजी मागून म्हणाला, "मी तेंच तर सांगितलों."

"तूं 'नख' हा शब्दच सांगितला नाहींस," प्रतापसिंह म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, त्याचा कोपरा तिरपा कापला आणि उरलेलं टोक आपल्या तळव्यात रुतवून दाखवलं. प्रतापसिंह सांगत गेले: तू कोपरा खोल कापतेस, पण अगदी मुळाशी ब्लेड पोचत नाही. तिथे नखाचा एक काटा राहतो. वरचा दाब गेला म्हणून दोन दिवस बरं वाटतं. मग नख वाढतं आणि तो काटा मांसात पुढे सरकतो. पुन्हा दुखतं, पुन्हा कापतेस, पुन्हा काटा राहतो.

"मग मीच...?" विद्युलता म्हणाली. ज्याने बरं वाटत होतं त्यानेच बिघडत होतं, हे तिच्या डोक्यात सरळ बसेना.

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुई टोचली तेव्हा ती ओरडली नाही, फक्त प्रतापसिंहांच्या खुर्चीचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने अंगठा जड झाला, मग नाहीसाच झाल्यासारखा वाटला. डोळ्यांना दिसत होता, पण आपला आहे असं वाटत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बारीक कात्रीने नखाची कड उभी कापली, चिमट्यात धरून ओढली आणि एका वाटीत टाकली. ती अरुंद, पांढुरकी पट्टी होती आणि तिच्या खालच्या टोकाला खरंच माशाच्या काट्यासारखं अणकुचीदार टोक होतं. विद्युलता वाकून ते बघत राहिली. एवढ्यासाठी तिने माहेरी निघून जायचा बेत केला होता.

घरी आल्यावर काय करायचं तेही प्रतापसिंहांनीच समजावलं. पाय उंच ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा, कोरडा करून स्वच्छ पट्टी बांधायची. लिंबू नको, खाच नको. चप्पल पुढून मोकळी. आणि नख वाढेल तेव्हा सरळ रेषेत कापायचं, कोपरे तसेच ठेवायचे. सईबाईंना हे पटलं नाही. "फावड्यासारखें दिसेल," त्या म्हणाल्या. पण मिठाचं पाणी रोज त्याच गरम करून आणायच्या आणि अंगठ्याची सूज उतरताना बघून भांडं उचलून न्यायच्या.

पट्टी सुटली, नवं नख हळूहळू कडेने पुढे आलं. विद्युलता नीट चालायला लागली. तरी काही गोष्टी तिला उलगडल्या नाहीत. दुखणं चांगलं, असं मामा का म्हणाले, यावर ती पुष्कळ विचार करायची. एक दिवस ओसरी झाडताना तिने केर बाजूला सारला आणि म्हणाली, "मामा, बूट काढा. मी पाय बघते."

"कशाला?"

"तुम्हाला कळत नाही म्हणालात ना. मग कुणीतरी बघायला नको?"

सुनेने सासऱ्याचा पाय असा हातात धरावा का, हे तिला माहीत नव्हतं. साताऱ्याला कुणी धरला नसता. इथली रीत तिने विचारली नव्हती. प्रतापसिंहांनाही ठरवता येईना. ते एकदा आत सईबाईंकडे, एकदा रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली. गाठ घट्ट बसली होती, म्हणून विद्युलता खाली बसली आणि तिने ती सोडवली.