पुढच्या दारापर्यंतची पावलं

व्हर्नाच्या रिकाम्या घरावर बँकेनं नोटीस चिकटवली होती: घर बेवारस दिसतं, तीन दिवसांत कुलूप बदलू. घर विकून देणारी मार्लिस ती वाचून चरकली. व्हर्ना लेकीकडे राहायला गेली असली तरी कर्जाचे हप्ते वेळेवर जात होते, आणि शनिवारी गिऱ्हाईक यायचं होतं.

"बेवारस म्हणे. विक्रीची पाटी दिसली नाही त्यांना?"

"बर्फ काढणाऱ्या गाडीनं पुरली की तुझी पाटी," शेजारचा म्हातारा ऑर्विल म्हणाला. "आणि पुढच्या पायऱ्यांवरच्या बर्फात एक पाऊल उमटलेलं नाही. आपण सगळे स्वयंपाकघराच्या दारानं येणारे-जाणारे, पोरी. बँकेच्या माणसाला काय ठाऊक."

मार्लिसनं पाटी उकरून काढली आणि तिचे फोटो विक्रीच्या कागदांसोबत बँकेला पाठवले. दुसऱ्या दिवशी नोटीस मागे घेतली गेली.

शनिवारी ती आली, तेव्हा ताज्या बर्फात पुढच्या दारापर्यंत बुटांचे ठसे जाऊन परत आलेले होते.

"रोज सकाळी जाऊन येतो," ऑर्विल कुंपणापलीकडून म्हणाला. "चाळीस वर्षं व्हर्नाची कॉफी प्यायलोय. तिच्या घराला कुणी बेवारस म्हटलेलं मला नाही खपत."