तुमच्यापुरती

कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बुवांचं निरूपण कितीही लांबू दे, शेवटी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागतो आणि सगळे सगळ्यांच्या पाया पडतात. तिथं थोरलं-धाकटं राहत नाही. बाप लेकाच्या पाया पडतो, सावकार गड्याच्या. पाचोडच्या द्वारकाबाईनं हे लहानपणापासून पाहिलेलं. त्याचं तिला कधी नवल वाटलं नव्हतं.

तिचा नवरा कडूबा हा बुवांच्या मागं उभा राहून टाळ धरणारा. गळा असा की चार कोसांवरून लोक त्याला सप्त्याला बोलवायला येत. अशाच एका सप्त्यात तो असताना घरी चार वर्षांची आवडा तापानं फणफणली. द्वारकानं निरोप धाडला. कडूबानं उलटा निरोप दिला की उद्या काला आहे, काल्याचं कीर्तन झालं की निघालोच. तो दारात आला तेव्हा त्याच्या हातात काल्याचा प्रसाद होता आणि पोरीला पुरून लोक परतत होते.

द्वारका रडली नाही. दारातच म्हणाली, "लेकरापरीस काला मोठा व्हता ना? मग ऱ्हावा तिकडंच. तुमच्यापुरती मी बी आजच मेले."

कडूबानं प्रसादाची पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो आल्या पावली गेला. दोन दिवसांनी येईल, आठ दिवसांनी येईल, आषाढीला येईल, असं करता करता आता बारावं वर्ष भरत आलं होतं.

आणि हे बारावं वर्षच वाईट. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की तो गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दहावा-तेरावा करायचा, ही रीत. मार्गशीर्षात मुदत पुरी होत होती. भावकीनं भटजींना विचारूनही ठेवलं होतं. म्हणजे मार्गशीर्षात द्वारकाचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार.

त्या बांगड्या भरणारा हबीब मण्यार. पाचोडच्या आठवडी बाजारात त्याची बैठक. बारा वर्षं त्यानं तिच्या हातात हिरवा चुडा भरला आणि एकदाही मालकांविषयी विचारलं नाही, एवढं ते माणूस जाणतं. दिवाळीच्या आदल्या बाजारी मात्र तिचा हात हातात धरून तो उगाच थांबला. म्हणाला, मुंबईला माल आणायला गेलो होतो. तिथं चौपाटीवर, वाळूत, एक बुवा ऐतवारी कीर्तन करतात. दाढी वाढली आहे, पण गळा तोच. "मैं कसम नहीं खाता, बाई. पन कान खोटं बोलत नाहीत माझे."

धाकटा दीर सांडू तर ऐकूनच पेटला. कधी निघायचं एवढंच त्यानं विचारलं. भेटू दे फक्त, म्हणाला, मानगूट धरून आणतो दादाला. द्वारका वाटेच्या दशम्या थापायला बसली. तिला मानगूट धरायची नव्हती. तिला आपला शब्द माघारी घ्यायचा होता. "रागात म्हनले हुते, घरी चला," एवढी बारा अक्षरं, पण ती बारा वर्षं तिच्या घशात अडकून होती.

औरंगाबादेच्या ठेसनावर तिघं गाडीत बसले. मनमाडला निजामाची गाडी सोडून इंग्रजी मुलखातली धरली. वाटेत सांडूनं दशम्या खाल्ल्या, हबीबभाईनं खिडकीशी चादर टाकून नमाज पढली, आणि द्वारका ओठातल्या ओठात ते एकच वाक्य घोळवत राहिली.

ऐतवारी उन्हं उतरता चौपाटीवर पोचले. समुद्र दिसायच्या आधी माणसंच दिसली. पाचोडचा बाजार, पैठणची षष्ठी, सगळं एकात एक घातलं तरी भरणार नाही एवढी. भेळवाल्यांच्या आरोळ्या चालू होत्या, कोयत्याखाली शहाळी फुटत होती, फुगे, पिपाण्या, टोप्या घातलेले पारशी, नऊवारीतल्या बाया, घोड्यावर बसून किंचाळणारी पोरं. एकानं वाळूचा हत्ती केला होता आणि त्याच्या सोंडेपुढं लोक पैसे टाकत होते. त्या सगळ्यापलीकडं ते पाणी.

"कीर्तनात भवसागर भवसागर म्हणत्यात," सांडू म्हणाला, "पन त्याच्या काठाला एवढी भेळ असती हे कुन्या बुवानं सांगितलं नाय."

द्वारका हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

एवढ्या गर्दीत शोधायचं कसं? मग सांडू दक्षिणेच्या टोकाकडं गेला आणि द्वारकाबाई हबीबभाईबरोबर उत्तरेकडं. दिवा लागायच्या आत वाळूच्या हत्तीपाशी भेटायचं ठरलं.

तिला फार शोधावं लागलं नाही. आधी टाळ ऐकू आले, मग तो आवाज. द्वारकाचे पाय वाळूत रुतले. शंभर-दीडशे माणसं बसली होती, गिरणीतली, गोदीतली, आणि मधोमध एक वाळका, दाढीवाला माणूस उभा होता. केस पिकलेले. पण हात वर करताना डावा खांदा जरा उचलायचा, ती खोड तीच. हबीबभाई पुरुषांच्या कडेला उभा राहिला, ती बायांत जाऊन बसली. बुक्क्याची रांग लागेल, तेव्हा बोलू, असं तिनं मनाशी धरलं.

बुवा दृष्टांत सांगत होते. एक टाळकरी होता म्हणाले, गळ्याचा अभिमान धरणारा. लेकरू तापलं, निरोप आला, हा काल्यासाठी थांबला. देवानं म्हटलं नव्हतं थांब. देव तर त्या लेकराच्या उशाशी बसला होता, हा मुलुखभर त्याला शोधत होता. घरी गेला तर लेकरू गेलेलं. आणि लेकराची माय?

बुवा थांबले. मागं समुद्र वाजत होता.

"मायही त्याच दिवशी गेली, मायबाप. एका घरातनं दोघी गेल्या. तेव्हापासून तो टाळकरी ज्याच्या त्याच्या पाया पडतो, कारण ज्या पायांवर डोकं ठेवायचं होतं ते राहिले नाहीत."

बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. शेजारची म्हातारी द्वारकाला म्हणाली की बाई गं, हे त्यांचं स्वतःचंच, दर कीर्तनात सांगतात आणि दर वेळी रडतात.  द्वारकानं रागात टाकलेला शब्द ह्या माणसानं खाली पडू दिला नव्हता. बारा वर्षं तो तिचं सुतक पाळत होता.

आत्ताच उठावं, इथंच सांगावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात बुवांनी मागं वळून हाक मारली, "आवडे, बुक्का आण."

पाच-सहा वर्षांची एक परकरी पोर बुक्क्याची डबी घेऊन पुढं आली. तिच्यामागं आरतीचं ताट घेतलेली एक बाई, कपाळभर कुंकू, चेहरा भोळा. म्हातारीनं न विचारताच सांगितलं की ही बुवांची मंडळी. बिचारीनं रानावनात फिरणारा माणूस घरात आणला, पहिलीच्या लेकीचं नाव हौसेनं आपल्या लेकीला ठेवलं.

रांग लागली. द्वारकाही लागली. पुढं सरकता सरकता ते घोळवलेलं वाक्य तिच्या ओठावरून एकेक शब्द गळत गेलं.

बुवा मान खाली घालूनच बुक्का लावत होते. प्रत्येकाला लावायचे, वाकून पाया पडायचे, आणि विचारायचे, कुठल्या गावचे? तिच्या कपाळाशी बोट आलं तेव्हाही तेच विचारलं.

"पाचोडची," द्वारका म्हणाली.

बोट तिच्या कुंकवाशी थबकलं. मान वर झाली नाही.

"तिथं एक माय हुती," अगदी हळू आवाज आला. "आवडाची."

परकरी पोर डबी धरून दोघांच्या मधे उभी होती. तिच्या नाकाला बुक्का लागला होता. द्वारकानं तो पदरानं पुसला.

"गेली ती," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते खरं हाय, बुवा. लेक गेली त्याच दिवशी गेली. तुमचा कसला दोष तिनं संगं नेला नाय."

बुवा खाली वाकले. सगळ्यांच्या पाया पडत होते तसेच पडले, बघणाऱ्याला काहीच वेगळं दिसलं नाही. फक्त पायांवरचे हात लवकर उचलले गेले नाहीत. तिच्या पावलांवर ऊन पाण्याचे थेंब पडले. नवऱ्यानं बायकोच्या पाया पडायचं म्हणजे केवढं पाप. तिला पाय मागं घ्यायचे होते, पण मागं माणसं दाटली होती. कोणीतरी म्हणालं, सरका बाई, आम्हालाही बुक्का लावून घ्यायचाय. मग गर्दीनंच तिला पुढं ढकललं.

वळून पाहिलं नाही. सरळ पाण्याकडं गेली, गुडघाभर पाण्यात बसली आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी घेऊ लागली. मेल्याची खबर ऐकल्यावर घेतात तसं, अंगावरच्या लुगड्यानिशी. भवतालची पोरं खिदळली, खेडवळ बाईला समुद्राची भूल पडली म्हणून. हबीबभाई लांब पाठमोरा उभा राहिला.

वाळूच्या हत्तीपाशी सांडू कावलेला होता. तिकडं कोणी नाही, म्हणाला. वहिनी कशानं भिजल्या, तेही त्याला कळेना. त्यानं हबीबभाईला विचारलं, "ऐकला का बुवा? दादाच हाय ना?"

हबीब मण्यारानं द्वारकाच्या मनगटांकडं पाहिलं. त्या बांगड्या त्यानंच भरल्या होत्या, आणि आता आपण काय बोललो की त्या फुटतील हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं हळूच नकाराची मान हलवली.

"नाही, सांडूभाऊ," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचे कान फसले. माफ करो."

परतीच्या गाडीत सांडूनं दशमीला हात लावला नाही. मनमाड आलं तेव्हा त्यानं बाहीनं डोळे पुसले. म्हणाला, "आता मार्गशीर्षात पळस आनावाच लागंल. पन भेटला असता ना वहिनी, तर पयलं त्याला तुमच्या पायावर घातला असता मी."

 द्वारकाबाईनं बाकावर पाय वर घेतले आणि अजून न वाळलेल्या लुगड्याच्या घोळात अलगद झाकून घेतले.