वीतभर अंतर

मित्रांनो, १९७४ साली मी ऐन उमेदीत होतो. आज मी एक जुना माईक आहे. माझी जाळी चेपली आहे आणि पोटात धूळ साचली आहे.

आमच्या ध्वनिमुद्रकांचा नियम ठरलेला होता. गाणाऱ्याचे तोंड माझ्यापासून वीतभर लांब आणि मी किंचित तिरका. त्यामुळे 'प' आणि 'फ' म्हणतानाचा वारा माझ्यावर आदळत नसे. या कौशल्याबद्दल आम्हा दोघांचे फार कौतुक होई.

एके दिवशी एक गायिका थोरल्या बहिणीला घेऊन आली. आठवड्याने तिच्या घशाचे ऑपरेशन होते. पुढे आवाज उरणार नव्हता. तान्ह्या लेकीसाठी तिला एक अंगाई साठवून ठेवायची होती.

चाचणीसाठी ती अगदी माझ्याजवळ आली आणि हलकेच एक ओळ गायली. तिचा श्वास, घशातली खरखर, मधेच आलेले हसू, सारे माझ्यात उतरले.

"दादा, अशीच गाऊ का? लेकीच्या कानाशी गाते तशी?"

"छे हो ताई! धाप ऐकू येतेय. माझं नाव जाईल."

"गाणार ही, अन् नाव तुमचं जाणार होय?" बहीण फणकारली.

पण ध्वनिमुद्रकांनी मला मागे सरकवले, वर उचलले, तिरके केले. टेप वाया जाऊ नये म्हणून नेहमीप्रमाणे चाचणीची ओळ पुसून तिच्यावरच खरे गाणे घेतले. गाणे धुतल्या कापडासारखे स्वच्छ आले. मला मात्र चैन पडेना.

महिन्याभराने बहीण एकटीच आली. "दादा, गाणं सुरेख आहे हो. पण पोर त्या टेपला ओळखतच नाही, रडून आकांत करते. ती पहिली ओळ तेवढी द्या ना."

"तिच्यावरच गाणं घेतलं हो ताई," ध्वनिमुद्रक म्हणाले. ती ओळ आता कुठेच नव्हती.

पुढे ती गायिका पुष्कळ वर्षे जगली, पण मुक्यानेच. लेकीला ती नुसते थोपटून निजवी. मावशी भाचीला ती अंगाई म्हणून दाखवी, बेसूर पण अगदी कानाशी. ध्वनिमुद्रकांनी नंतर एकही चाचणी पुसली नाही. मला उभे करण्याआधी ते प्रत्येकाला विचारत, "कोणासाठी गाताय?" मगच ते अंतर ठरवत. ते गेले, आणि मी या कपाटात आलो.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण आपल्या माणसाचा आवाज साठवताना त्याचा श्वास पुसू नका.